टेबलाखालचा श्वास

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, धुळीवर आहे. निजामपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना बारा वर्षांत भूत एकदाही भेटलं नाही, धूळ रोज भेटते. त्यामुळे नारपोलीहून मेघालीचा फोन आला, "रुचिका मॅडम, आमचा बंद कॉम्प्युटर श्वास घेतो," तेव्हा मला आधी चीड आली आणि मग हसू.

तिचा नवरा दीपेश पॉवरलूमवाल्यांना कापडाची डिझाइनं करून द्यायचा. त्याआधी दहा वर्षं त्याने स्वतः लूम चालवले, छातीत कापूस बसला, आणि आठ महिन्यांपूर्वी दम लागूनच तो गेला. तेव्हापासून त्याच्या खोलीतून घरघर ऐकू यायची. मेघालीने ठरवलं होतं, आज हा आवाज थांबला नाही तर चार वर्षांच्या भाविकाला घेऊन कायमचं गणेशपुरीला माहेरी जायचं. मी पोचले तेव्हा बॅग दारातच होती. दीपेशची आई रंगूबाई झोपलेल्या नातीला मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती. मला पाहून तिने 'ये' सुद्धा म्हटलं नाही.

घराखालच्या लूमच्या कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून आवाज स्पष्ट आला. ओढून घेतलेला, मध्येच अडकणारा श्वास. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"बघा ना, बंद आहे," काळ्या स्क्रीनकडे बोट करत मेघाली म्हणाली. "ते गेले त्या दिवशी मीच बटण दाबलं."

"तू कामावर काय वापरतेस?"

"गोदामात लॅपटॉप आहे. झाकण लावलं की झालं."

तिथेच घोळ होता. मी तिला समजावलं, "लॅपटॉपमध्ये स्क्रीन, मशीन, बॅटरी सगळं एकाच डब्यात असतं. डेस्कटॉपचा संसार वेगळा वेगळा. तू दाबलंस ते फक्त स्क्रीनचं बटण. मशीन खाली आहे."

टेबलाखाली साडीचा पडदा लावला होता. तो सारला तर आत डब्यावर निळा दिवा जळत होता. पंख्यात कापसाची धूळ गच्च बसलेली, त्यातून तो घरघरत कसाबसा फिरत होता. लाइट गेली की बंद पडायचा, पण लाइट आली की मशीन आपोआप सुरू व्हावं असं दीपेशनेच लावून ठेवलं होतं. या भागात लाइट सारखी जाते, कामवाली माणसं तसं लावतात.

मेघाली सुटल्यासारखी भिंतीला टेकली. मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. "ही तुमची साडी आहे, आई."

"मना म्हाईत व्हता," रंगूबाई म्हणाली. "पहिल्या दिसापासून."

"आठ महिने मी भीतीने मरत होते. भाविकाला घेऊन निघाले, तरी बोलला नाहीत?"

रंगूबाई नातीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मला त्या बाईचा रागही आला आणि कीवही. नात हवी असेल तर तो आवाज सोडावा लागणार, हे तिला कळत होतं.

"बंद कसा करायचा?" तिने मला विचारलं.

"डब्यावरचं बटण एकदा दाबायचं. बाकीचं तो आपलं आपण करतो. मी करू का?"

"नको." तिने भाविकाला मेघालीकडे दिलं आणि गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. तोंड डब्याजवळ नेलं. "हास्पिटलात बी मीच बोलले, मशीन काढू नका म्हनून. डाक्टर सांगत व्हता, काय उरला न्हाय. तीन दिस त्याला तसाच घोरवला मी. हितं बी तेच केला." मग डब्याला म्हणाली, "नीज आता, पोरा."

तिने बटण दाबलं. घरघर लगेच थांबली नाही. दोन-चार श्वास आणखी आले, एकेक लांबत गेला, आणि मग निळा दिवा विझला.

मेघालीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजून दहा मिनिटं," माणूस गेल्याची वेळ डॉक्टर सांगतात तशी ती हळूच म्हणाली, आणि सासूच्या शेजारी जमिनीवर बसली.