खुब्याचं दुखणं आणि पांढरी गोळी

जांघेत कळ आली की मी भिंत धरून उभी राहायची. आधी वाटलं, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, अवघडलं असेल. पण शेजारची बालव्वा म्हणाली, "माझ्या जावेला असंच दुखायचं, हाडाचा कॅन्सर निघाला." मेलीच्या जिभेला हाड नाही! तेव्हापासून मला घास गोड लागेना.

माझा नवरा राजलिंगम. शिकलाय कंपाउंडरकी, पण गाव त्याला डॉक्टर म्हणतं. दोन वर्षांमागं माझी बोटं आखडायची, तेव्हापासून तो मला रोज एक पांढरी गोळी देतो. बोटं अशी मोकळी झाली की सगळ्या विडीवाल्या त्याच्या दारात रांग लावायला लागल्या.

शेवटी करीमनगरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण अगदी पोरसवदा. तिनं माझा पाय आत वळवला आणि मी किंचाळले. मग हाडांचा फोटो काढला.

"अव्वा, कंबरेची शीर दबली असती तर कळ मागून उतरली असती. तुमचं जांघेत दुखतं, म्हणजे दुखणं खुब्याच्या सांध्यात आहे."

"कॅन्सर आहे का गं बाई?"

"नाही. पण खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही, ते आतून मरतंय. दारूनं होतं, काही आजारांनी होतं, आणि स्टेरॉइडची गोळी फार दिवस खाल्ली तरी होतं. तुम्ही कुठली गोळी खाता?"

मी राजलिंगमकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. टेबलाखाली त्यानं माझा हात घट्ट दाबला.

"काही नाही खात ती, मॅडम," तो म्हणाला.

खरं सांगावं तर गाव ह्याला दगडांनी मारेल. माझ्या एकटीचा खुबा असता तर गप्प बसले असते, देवाशप्पथ. पण सासरी आमची लेक स्रवंती आहे. तिला दमा. पाच वर्षं बाप तिला हीच गोळी पाठवतो, आणि परवा फोनवर ती म्हणाली होती, जांघेत भरून येतं.

मी कनवटीची पुडी काढून टेबलावर ठेवली. "ही गोळी. माझी लेकपण खाते. तिलाही दुखायला लागलंय."

डॉक्टरणीनं पुडी उलटसुलट पाहिली. "लेकीला आजच बोलवा. गोळी मनानं एकदम बंद करू नको म्हणावं, पण बोलवा."

राजलिंगमनंच फोन लावला. दोनदा नंबर चुकला. पलीकडून लेकीचा आवाज मलाही ऐकू आला.

"बापू, बरं झालं फोन केलास. गोळ्या संपत आल्यात, पाठव ना."