आधी कोणी जेवायचं

मी एक म्हातारी डांगी गाय आहे. नाशिकच्या पश्चिमेला, गिरणाऱ्याजवळच्या एका मळ्यात राहते. दूध आटून चार वर्षं झाली, तरी माझ्या मालकीण मैनाबाईंनी मला विकलं नाही. मित्रांनो, त्यांच्या शेवटच्या साध्या दिवसापासून सांगते.

त्या सकाळी माझी लेक चांदी व्याली. शेजारच्या विमलाबाई तांब्या घेऊन चीक मागायला आल्या. मैनाबाई म्हणाल्या, "आधी वासराचं पोट, मग तुमचा खरवस. तोवर शेण भरू लागा." विमलाबाई हसल्या आणि खरंच शेण भरू लागल्या.

मैनाबाईंनी चांदीपुढे गूळ घातलेली शिजवलेली बाजरी ठेवली. वासरू ढुशा देत होतं, तरी चांदीने घमेल्यातून तोंड काढलं नाही. बाळंतपणाला माहेरी आलेली संजना, मैनाबाईंची लेक, दीड महिन्याच्या आरोहीला घेऊन दारात उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात फक्त चहा होता.

"बघ तिच्याकडं," मैनाबाई म्हणाल्या. "लेकरू ओढतंय, तरी खायचं सोडत नाय. ती उपाशी ऱ्हायली तर त्याला काय पाजंल?"

संजनाला डिंकाचा लाडू खावाच लागला. मैनाबाईंनी मात्र रात्रीची भाकरी चहात बुडवून उभ्यानेच खाल्ली. संजनाने ते पाहिलं. मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैनाबाई गोठ्यातच कोसळल्या. त्यांचे यजमान कोंडाजी यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. अंगात रक्त फारच कमी होतं, आणि ते कित्येक वर्षं तसंच असावं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मी कालवड असताना कोंडाजींनी मला घोटीच्या बाजारातून आणलं. पहिल्या वेतात मी इतकी घाबरले की वासराला जवळच येऊ देईना. मैनाबाई माझी मान खाजवत दिवसभर बसून राहिल्या. पुढे मी पाच वासरं वाढवली आणि गावात माझ्या दुधाचं कौतुक झालं. दूध संपल्यावर कौतुकही संपलं. मैनाबाई तेवढ्या रोज पाठीवरून हात फिरवत.

त्यांची शाळा चौथीतच सुटली होती. लेकीला वाढवताना त्या आमच्याकडे पाहत. कोंबडी पिलांना सकाळच्या उन्हात माती उकरायला नेते, म्हणून संजनाही उन्हामातीत खेळली. शेळी करडांना चढणीवर स्वतःच्या पायांनी चढू देते, म्हणून संजना शाळेत चालत गेली. मी सावलीत बसून रवंथ करते, तर "सावकाश चाव" हे त्या घरात रोज ऐकू यायचं. एवढं सगळं त्यांनी आमच्याकडून घेतलं आणि लेकीला दिलं. एकच गोष्ट स्वतःसाठी घ्यायची राहिली. आम्हा जनावरांत पाजणारी आई शेवटी खात नाही.

मैनाबाई गेल्यावर घर माणसांनी भरलं. आलेल्यांना जेवू घालायचं काम संजनाने आपल्यावर घेतलं. आईची जागा अशीच भरायची, असं तिला वाटत असावं. ती वाढायची, आग्रह करायची, आणि सगळ्यांचं झालं की तिची भूकच मेलेली असायची. तिचं दूध कमी होऊ लागलं. आरोही पिता पिता रडून तोंड फिरवायची.

तेराव्या दिवशी आरोहीला खांद्याशी धरून संजनाने गाईचं पान माझ्यापुढे आणून ठेवलं. तिच्या मागोमाग कोंडाजी आले. त्यांच्या हातात आणखी एक वाढलेलं ताट होतं.

"बस इथं. जेव."

"सगळ्यांचं होऊ द्या, बाबा."

"तुझी आई बी हेच म्हणायची. मी बी कधी उठून तिला वाढलं नाय." त्यांनी ताट पेंडीच्या पोत्यावर ठेवलं, आरोहीला तिच्या हातातून घेतलं आणि पाठ फिरवून दाराशी उभे राहिले.

मित्रांनो, आज घरी जेवायला बसाल तेव्हा शेवटी कोण जेवतं ते बघा. त्याच्यासाठी काय उरतं, तेही बघा. नुसतं बघून थांबू नका.

संजना बसली. घास हातात तसाच होता. मग ती दाराकडे न पाहता, माझ्याकडेही न पाहता, मोठ्याने म्हणाली, "मला रोज दिसायचं गं. तू वाढलेल्या ताटावर मी बसायचे आणि तू चुलीपाशी उभी. एकदा तरी म्हणायला हवं होतं. आई, बस. आधी तू जेव."