दाराजवळचं अंथरूण

"आपा, या उन्हाळ्यात तू खाली गावातच राहा," असं माझा मुलगा तुरात म्हणाला तेव्हा मी चहात दूध ओतत होते. कारण त्याने सांगितलं नाही. माझ्याकडे न बघता तो पावाचा तुकडा मोडत बसला. कारण मला ठाऊक होतं, सगळ्या गावालाच ठाऊक होतं.

मला रात्री लघवीला उठावं लागतं. जितक्या वेळा डोळा लागतो, तितक्या वेळा जाग येते. गावातल्या नर्सबाईंनी तपासलं, साखर नाही म्हणाल्या, वय झालंय म्हणाल्या आणि संध्याकाळनंतर पाणी बंद करायला सांगितलं. मी बंद केलं. घशाला कोरड पडली, पोटऱ्यांत गोळे आले आणि उठायचं तेवढ्याच वेळा उठले. तेव्हापासून मी पुन्हा पोटभर पिते.

गावातल्या घरी याचं काही नाही. अडचण होते ती वर, जैलूवर. बर्फ वितळलं की मेंढ्या-घोड्या घेऊन आम्ही डोंगरावरच्या त्या कुरणात जातो आणि थंडी पडेपर्यंत यूर्तमध्ये राहतो. यूर्त म्हणजे लोकरीच्या जाड नमद्याचं एकच गोल दालन. दाराच्या बरोबर समोर, सगळ्यांत आत, रजयांच्या उतरंडीपाशी असतो तो तोर. घरातलं सगळ्यांत मोठं माणूस तिथे बसतं, तिथेच झोपतं. पाहुणा आला की त्यालाही तिथेच बसवायचं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा माझं अंथरूण दाराशी होतं, दुधाची भांडी आणि आजारी कोकरं यांच्यामध्ये. मग धाकट्या जावा आल्या, मुलं झाली, सासू गेली, नवरा गेला आणि मी हातहातभर आत सरकत गेले. सगळा जन्म घालवून तोरपर्यंत पोचले आणि तिथे पोचल्यावर माझ्या मूत्राशयाला दाराची ओढ लागली.

गेल्या उन्हाळ्यात तर कहर झाला. नातीचं लग्न ठरवायला व्याही आले होते, मुक्कामाला राहिले. माझ्या आणि दाराच्या मध्ये ते आडवे पसरलेले. झोपलेल्या माणसाला ओलांडून जाणं आमच्यात वाईट. म्हणून मी भिंतीच्या कडेकडेने निघाले आणि अंधारात नेमका त्यांच्या पोटावर पाय दिला. व्याही "लांडगा, लांडगा" असे ओरडले की कुत्रे पिसाळले, घोड्या दोर तोडून पळाल्या. लग्न मोडलं नाही, पण व्याही अजून प्रत्येक जेवणावळीत ही गोष्ट सांगतात आणि दर वेळी माझं वजन वाढवतात.

तेव्हा तुरातला लाज वाटत होती हे मला कळत होतं. पण मीही कुणाची तरी मुलगी आहे. माझा जन्म जैलूवरचा. उन्हाळाभर गावात बसून, लोकांच्या भिंतींकडे बघत मरणाची वाट बघायची माझी तयारी नव्हती. निघायच्या दिवशी सगळे उठायच्या आत मी ट्रकमध्ये चढले आणि गुंडाळलेल्या नमद्यांवर मांडी घालून बसले. तुरात आला, बघत राहिला. उतरवायचं असेल तर नमद्यासकट उतरव, असं मी त्याला सांगितलं. शिवाय घोडीच्या दुधाचा आंबट कुमिस कोण घुसळणार? माझी सून झिल्दिझ गुणाची आहे, पण तिच्या हातच्या कुमिसने घोडीसुद्धा तोंड फिरवेल. तुरात ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला.

वर पोचल्यावर त्याने बाजारातून आणलेली एक झाकणाची बादली काढली आणि तोरवर, रजयांच्या मागे ठेवून पुढे पडदा लावला. एवढ्या प्रेमाने लावला की मी आधी तो पडदा नीट बघून घेतला. मग बोलले.

"जिथे पाहुण्यांना मटण वाढतोस, तिथे मी बादलीवर बसू?"

"रात्री कोण बघतंय, आपा?"

"आवाज ऐकू येतो, तुरात. आणि माझा आवाज आता लहान राहिलेला नाही."

झिल्दिझ चुलीकडे तोंड करून हसली. त्याच संध्याकाळी मी माझ्या दोन रजया आणि उशी उचलली आणि दाराच्या उजव्या अंगाला, बायकांच्या बाजूला, भांड्यांपाशी अंथरली. माझ्या लग्नातली जागा मला परत मिळाली.

खरं सांगते, इतकं सुख मला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. हाताशी काठी, उशाला अंगरखा, उंबऱ्याबाहेर रबरी बूट तोंड बाहेर करून ठेवलेले. जाग आली की उठायचं, कुणाचं पोट नाही, कुणाचे पाय नाहीत. कुत्रा आपणहून मोठ्या दगडापर्यंत सोबत यायचा आणि सभ्यपणे दुसरीकडे बघत उभा राहायचा. मी निवांत बसायचे आणि वर आभाळ बघायचे. तरुण माणसं झोपेत हे सगळं घालवतात, याची मला कीव यायची.

पण तुरातची झोप उडाली. शेजारच्या यूर्तमधल्या बायका दूध मागायला आल्या आणि माझ्या रजया बघून गेल्या. दोन दिवसांत खालच्या ओढ्यापर्यंत बातमी गेली की तुरातने आईला उंबऱ्याशी टाकलं, कोकरांच्या जागी. एका मेंढपाळाने त्याला तोंडावर विचारलं की आईला बाहेर कधी बांधणार. तुरात रात्री जेवला नाही.

"तू तोरवर जा नाहीतर गावात जा," तो मला म्हणाला. "पहिल्या कुमिसच्या जेवणाला ट्रक पाहुणे घेऊन येईल. परत जाताना तू त्यात बसशील. लोकांची तोंडं मी किती दिवस धरू?"

मी भांडले, तो ऐकेना. आईवर आवाज चढवायचा नाही म्हणून तो हळू बोलत होता आणि तेच मला जास्त लागलं. या वेळी आधी चढून बसायला ट्रक नव्हता. सून माझं गाठोडं बांधताना रडली. मी रडले नाही. मी कुमिस घुसळत राहिले, असा की सगळ्या डोंगराला त्याची आठवण राहावी.

जेवणाला थोरले आले. माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, आमच्या कुळातलं सगळ्यांत मोठं माणूस. ते मला अजून सूनबाईच म्हणतात. सुनेने त्यांचं नाव घ्यायचं नसतं, मी आजवर घेतलेलं नाही, इथेही घेणार नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जुनी अढी होती. दर उन्हाळ्यात ते यायचे, माझ्या कुमिसला नुसते ओठ लावून वाडगा खाली ठेवायचे आणि सूर्य कलायच्या आत निघून जायचे. लाख आग्रह करा, मुक्काम नाही. आमचं घर त्यांना हलकं वाटतं असं मी धरून चालले होते.

तुरातने त्यांना तोरवर बसवलं. सगळे बसले, हात धुऊन झाले, आणि थोरल्यांची नजर दाराशी गेली.

"ते कुणाचं अंथरूण?"

तुरातची मान खाली गेली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. शेजारी आणि त्यांच्या बायका याचीच वाट बघत होत्या. मी कुमिसचा पळा खाली ठेवला. थोरल्यांसमोर मी आयुष्यभर डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून, हळू आवाजात बोलले होते.

"माझं आहे, भाऊजी," मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले. "मुलाने टाकलेलं नाही, मी टाकलंय. मला रात्री सारखं मुतायला उठावं लागतं. तोरवरून उठले तर लोकांच्या पोटावर पाय पडतो. तुमच्या मानासाठी मी बादलीवर बसणार नाही आणि तुमच्या मानासाठी तहानलेली राहणार नाही. माझा मान मी झोपते तिथे असतो. आता मला ट्रकमध्ये घालायचं तर घाला."

झिल्दिझच्या हातातली परात तशीच राहिली. थोरले माझ्याकडे बघत होते, मग त्यांनी समोरचा वाडगा उचलला आणि सगळा रिकामा केला. माझ्यापुढे धरला. मी भरला, तोही त्यांनी संपवला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि माझी मला लाज वाटली. हा माणूस इतके उन्हाळे माझा कुमिस नाकारत नव्हता. त्याला तो प्यायची भीती वाटत होती.

मग जेवण झालं, गाणं झालं, सूर्य कलला. खाली ट्रकने भोंगा वाजवला. तुरात माझं गाठोडं हातात घेऊन उभा होता, आत ना बाहेर. थोरले तोरवरून उठले, माणसांच्या पायांमधून काठी टेकत दारापर्यंत आले आणि थांबले. आज इथे झोपायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. तुरात घाईघाईने तोरवर रजया पसरायला धावला.

"तिकडे नको," ते म्हणाले. "सूनबाई उजव्या अंगाला आहे ना? मग दाराच्या डाव्या अंगाला माझं घाल. पुरुषांची बाजू तीच."

"मग तोरवर कोण झोपणार?" तुरातने विचारलं.

"तू झोप. तुला अजून सकाळपर्यंत पडून राहता येतं."

कुणी हसलं नाही. तुरातने माझं गाठोडं खाली ठेवलं आणि स्वतःच्या हाताने सोडलं. उंबऱ्याबाहेर थोरल्यांचे बूट आत तोंड करून पडले होते. मी वाकून ते त्यांच्यासाठी उलटे फिरवून ठेवले, तोंड बाहेर करून. मला वर बघवेना, कारण त्यांचे डोळे भरले होते.

"मुलं म्हणतात, तुमचे गुडघे दुखतात, वर नका राहू," ते हळू आवाजात म्हणाले. "गुडघे कधीच दुखले नाहीत, सूनबाई."

ट्रक पुन्हा भोंगा वाजवायला लागला. मी आत गेले, पडद्यामागची बादली उचलली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या, माझ्यासाठी राखून ठेवलेल्या जागेवर नेऊन ठेवली.