जाळीपलीकडचा चेहरा

कट्. गोळीच्या पाकिटाचा तेवढाच आवाज झाला आणि स्वयंपाकघरातली सकाळपासूनची शांतता मोडली. सासूबाईंनी रक्तदाबाची गोळी घेतली, पाकीट उलटं ठेवलं आणि वाटाणे सोलायला बसल्या. नणंदेची शर्यत असली की आमच्या घरात असंच असतं. शर्यतीचं नाव कुणी काढत नाही आणि दुसरं काही कुणाला सुचत नाही.

पहिल्या वर्षी त्या बघायला गेल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत कुणाची तरी गाडी उलटली. चालवणारा मुलगा कपडे झटकत बाहेर आला, पण सासूबाई त्या दिवशी ज्या परतल्या त्या पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. आता आजची सोडली तर मोसमातली एकच मोठी शर्यत उरली होती आणि नणंद फोनवर एवढंच म्हणाली होती, "आई, त्या दिवशी तरी ये." सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला होता.

"जातेयस ना आज?" वाटाण्यांकडे बघतच त्यांनी विचारलं.

"हो. बटणालाही नेते."

बटण म्हणजे आमचं चार वर्षांचं कन्यारत्न.

"मग फोटो आण माझ्या पोरीचा. गाडीचा नको, गाड्या पेपरात येतात. चेहरा आण. तिथे ती कशी दिसते ते बघते, आणि मग ठरवते यायचं की नाही."

मी हो म्हणून मोकळी झाले. कॅमेरा होता माझ्याकडे, पण त्याने आजवर फक्त बटण टिपलं होतं, तेही बहुतेक झोपलेलं.

आत जायचा पास काही आमच्याकडे नव्हता. आम्ही बाहेर, तारेच्या उंच जाळीमागे, पहिल्या वळणापाशी उभ्या राहिलो. नणंदेची गाडी बुटकी, पिवळी, वरून उघडी. गाड्या आल्या, कानठळ्या बसल्या, गेल्या. मी धडाधड बटण दाबलं होतं. (कॅमेऱ्याचं. आमच्या बटणाने कान दाबले होते.) फोटो बघते तर तारेचा एकेक पीळ लख्ख, गंजाचा ठिपका लख्ख, अडकलेला दोराही लख्ख, आणि पलीकडे नुसता पिवळा फराटा.

पहाऱ्यावरच्या मावशी माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "आमच्या जाळीचा इतका छान फोटो आजवर कुणी काढला नव्हता हो."

"गाडीचा काढायचा होता."

"असं होय. मला वाटलं, जाळी घ्यायचीये तुम्हाला."

तेवढ्यात बटणाने जाळीच्या भोकात नाक खुपसलं. "आई, असं केलं ना, की जाळी जाते."

आणि मला मच्छरदाणी आठवली. बटण तान्हं असताना मच्छरदाणी उचलली की उठायचं, म्हणून मी बाहेरूनच, अगदी कापडाला लेन्स टेकवून फोटो काढायचे. त्या फोटोंत मच्छरदाणी कधी दिसलीच नाही. इतके दिवस जे घरात येत होतं ते इथे येऊन विसरले होते. मी कॅमेरा एका भोकाच्या मधोमध टेकवला. मावशी म्हणाल्या, "टेकवा, पण बोटं पलीकडे काढू नका." जाळी विरघळली.

आता गाड्या हाताला लागेनात. दिसली म्हणून दाबावं, तर फोटोत रिकामा रस्ता. मग मी भरवण्याच्या वेळी घरभर पळणाऱ्या बटणामागे वाटी घेऊन जशी फिरते तशी फिरायला लागले. लांबूनच गाडी धरायची, तिच्यासोबत कंबरेतून वळायचं, आणि वळता वळता दाबायचं. बरेच फोटो वाया गेले. मग एक आला. चाकं गरगरतायत, नंबर स्पष्ट, पिवळा रंग ताजा. मी हरखले. आणि मग बघितलं, की गाडीतून वर आलंय ते हेल्मेट, त्याची काच काळी. सासूबाईंनी चेहरा मागितला, मी कबूल केला, आणि त्याच्यावर हेल्मेट असणार हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शर्यत संपली. नणंद सातवी. बाकीचे फोटोवाले पहिल्या तिघांमागे धावले. मी कॅमेरा पिशवीत घालणार, इतक्यात बाकीच्या गाड्या जाळीला लागूनच, जरा पुढे, एकामागे एक येऊन थांबायला लागल्या. बटणाला कडेवर घेऊन मी पळाले. पिवळी गाडी थांबली. नणंदेने हेल्मेट काढलं. मी बटणाला खाली ठेवलं, लेन्स भोकाला टेकवली, श्वास रोखला. तिला हाक मारली नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि कॅमेरा जपून धरला.

"केस बघ, कपाळाला कसे चिकटलेत." त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "दात दिसतोय तिचा."

लहानपणी सायकलवरून पडून तिचा पुढचा दात तुटला होता. तेव्हापासून ती ओठ मिटून हसते. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत तो दात नाही.

"तिला माहीत नव्हतं मी फोटो काढतेय ते," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी. कुणासाठी हसत नाहीये ती." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "सातवी येऊन एवढं हसायचं?"

"सव्वीस जणांत, आई."

"मला कुठे उभी करशील?"

"वळणापासून लांब."

"लांब नको. दिसायला पाहिजे मला." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "सांग तिला, येते म्हणून."

"तुम्हीच सांगा की."

त्यांनी फोन घेतला. बटण त्यांच्या मांडीला टेकून वाटाणे खात होतं. तोंडातला वाटाणा गालात सारून त्याने विचारलं, "आजी येणार म्हटल्यावर आत्या गाडी हळू चालवेल का?"

सासूबाईंचं बोट नंबरावरच थांबलं, आणि आजी-नात दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.