झिऱ्याचं पाणी

ब्लिचिंग पावडरचा वास जमनाबाईला आवडला नाही, एवढंच झालं होतं. आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती रंजितानं बंजारा तांड्याच्या विहिरीत पावडर टाकली आणि त्याच संध्याकाळी म्हातारीनं एक घोट घेऊन थुंकून टाकला. "नोका पिऊ रे हे पानी. दवाखान्यावानी वास मारून राह्यलं." तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि जमनाबाई अख्ख्या तांड्याची याडी. तिच्या शब्दाबाहेर इथं कोंबडीही जात नाही. दुसऱ्या दिवसापासून बाया नाल्याच्या वाळूत खड्डा करून झिऱ्याचं पाणी आणू लागल्या. दिसायला अगदी नितळ! वरच्या अंगाला लोक परसाकडे बसतात, हे कोण बघतो?

पाचव्या दिवशी अकराजण जुलाब-उलट्यांनी आडवे झाले. बारावी जमनाबाईची सून, मैनाबाई. रंजितानं सकाळी घरोघर वाटलेली ओआरएसची पाकिटं कोणी फोडलीच नव्हती. जुलाबात पाणी द्यायचं नाही, असं याडीनं सांगितलं होतं ना!

रंजिता मैनाबाईच्या खाटेशी बसली. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश जागेवर गेली.

"लघवी कधी झाली?"

"काल, दिवस बुडता," मैनाबाई पुटपुटली.

एकशे आठची रुग्णवाहिका बाभुळगावहून निघाली होती, पण वाटेतल्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी जात होतं. "तास लागन, दोन बी लागतीन," ड्रायव्हर फोनवर म्हणाला. तोवर ही बाई टिकायची तर पाणी पोटात जायला हवं होतं. आणि खाटेपुढे जमनाबाई पाय रोवून उभी.

"पानी नाही द्याचं. वरून टाकलं का खालून जाते. सकायपासून थेंब नाही देल्ला म्या."

"याडी, गेलं तेवढं भराले नोको काय?"

"हिरीत टाकलेल्या तुह्याच दवेनं झालं हे सारं!"

दारात पाच-सहा माणसं जमली होती. रंजिताच्या जिभेवर उत्तर तयार होतं: झिऱ्यावर कोणी धाडलं यांना? एका वाक्यात म्हातारीचं तोंड बंद झालं असतं, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य म्हणावंसं तिला फार वाटलं. पण म्हातारी सारखी मागं वळून सुनेचा श्वास चालू आहे का बघत होती. ती रागावली नव्हती, भ्यायली होती. रंजितानं ते वाक्य गिळलं.

"तुह्या हातानं पाज, याडी. एकच चमचा. तुह्याच हातचं पिईन ते."

म्हातारी बाजूला सरली, तशी रंजितानं आधी तिला साबणानं हात धुवायला लावले. उकळून गार केलेल्या पाण्यात पाकीट फोडलं. पहिला चमचा निम्मा सुनेच्या गळ्यावरच सांडला. मग दुसरा, तिसरा. सातव्या चमच्याला मैनाबाई भडाभडा ओकली आणि जमनाबाईनं चमचा भिरकावला.

"पाह्यलं?"

 आवाज न चढवता रंजिता म्हणाली, "दहा मिनिटं थांबू. मंग आनखी हळू पाजू." तिनं चमचा धुऊन आणला. त्या दहा मिनिटांत तिनं किती देव आठवले, तिचं तिला ठाऊक. शेवटी म्हातारीनं चमच्यासाठी हात पुढे केला.

रपट्याकडून काहीच खबर नव्हती. एक पाकीट संपलं, दुसरं अर्ध्यावर आलं. तेव्हा मैनाबाईनं डोळे उघडले, दारातल्या माणसांकडे लाजून पाहिलं आणि सासूच्या कानात काहीतरी सांगितलं.

"मुताले लागली हिले!" जमनाबाई एवढ्या जोरानं ओरडली की नाल्यापलीकडं ऐकू गेलं असेल. रंजिता हसता हसता रडायलाच लागली.

सुनेला मोरीवर नेऊन आणल्यावर म्हातारी रंजितासमोर बसली.

"पोरी, त्या झिऱ्यानंच झालं ना?"

रंजितानं उरलेल्या पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"तुले मालूम होतं. मंग सगळ्यायसमोर काहून नाही बोलली?"

"तू भेली होती, याडी. मी बी भेली होती."

बाकीच्या अकरा जणांपैकी दोघांचं रंजिताला काही खरं दिसत नव्हतं. तिनं पिशवी उचलली. जमनाबाई डोक्यावर पदर घेऊन तिच्या पुढं चालू लागली आणि पहिल्याच दारात, कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "झिऱ्यावर म्या धाडलं तुमाले. चुकली मी. आता हे पाजा."