आवरलेला खण

वहिनीचा अंगठा आता थरथरायला लागला होता. बाळाच्या नाकातल्या नळीला जोडलेल्या सिरिंजचा दट्ट्या ती सकाळपासून दाबत होती, तोही दाबतोय की नाही हे कळू नये इतका हळू. वेळेआधी जन्मलेल्या त्या मूठभर जिवाला अजून चोखता येत नव्हतं. दूध भरकन गेलं की उलटी, आणि ती छातीत उतरली तर सगळं संपलंच, असं नर्सबाईंनी बजावून सांगितलं होतं. मघाशी वहिनीला डुलकी लागली, अंगठा जोरात दाबला गेला आणि बाळाचे ओठ निळे पडले. आत्याने त्याला कुशीवर वळवून पाठ चोळली, तेव्हा कुठे ते रडलं.

इस्पितळाने सोबत दिलेला, सिरिंज आपोआप दाबणारा पंप बंद पडला होता. दुसरा निघाला होता, पण वाटेतला पूल खचला. बाळाचा बापही पलीकडेच अडकलेला, आणि दर थोड्या वेळाने फोन करून "काय झालं? काय झालं?" एवढंच विचारायचा. आत्याने वैतागून फोन पालथा घातला.

आत्या दुकानांच्या पाट्यांवरचे पळणारे दिवे दुरुस्त करायची. पंप उघडून पाहिला तर सर्किटचा कोळसा, मोटार मात्र शाबूत. ही मोटार पंख्यासारखी गरगर फिरत नाही, पावलापावलाने सरकते. आतल्या चार गुंडाळ्यांना एकापाठोपाठ एक वीज मिळाली की तिचं एक-एक पाऊल पडतं. आणि पळणारे दिवे तरी दुसरं काय करतात? आत्याने एका पाटीचं सर्किट उचकटलं, त्याचा वेग अगदी कमी केला, मोटारीचा भार उचलायला मध्ये चार ट्रान्झिस्टर बसवले आणि स्कूटरची बॅटरी जोडली.

मोटार जागच्या जागी कुरकुरली. पुढे सरकायची, कचरायची, पुन्हा मागे यायची.

"वन्सं, होतंय ना?" वहिनीने मान न वळवता विचारलं.

"होतंय गं."

कसलं होतंय! चौथं पाऊल पडतच नव्हतं. आत्याने त्या जागचा ट्रान्झिस्टर बदलला, तरी तेच. तारा उलगडून पुन्हा जोडल्या, कथिलाचे डाग पुन्हा दिले, बोट भाजून घेतलं. मोटारीलाच दोष द्यावा, तर दुसरी आणायची कुठून? पाठीमागे बाळाचा श्वास फुरफुरत होता आणि वहिनी स्वतःला जागं ठेवायला काहीबाही पुटपुटत होती.

"वन्सं, माझं बोट बधिर झालंय. मी दाबतेय की नाही, मलाच कळत नाहीये."

आत्याने नवा ट्रान्झिस्टर घ्यायला हात मागे नेला, न बघता, डबीच्या डाव्या कोपऱ्यात. आणि हात तिथेच थांबला.

डबी? तिच्या खणात डबी कधी होती? तिचा खण म्हणजे नुसता पसारा, पण डावा कोपरा एका जातीचा, उजवा दुसऱ्या. दोन्ही दिसायला जुळे, काळे, तीन पायांचे, स्वभावाने मात्र उलटे. एक 'हो' म्हटलं की चालू होणार, दुसरा 'नाही' म्हटलं की. त्यांच्यावरचे बारीक आकडे वाचणं आत्याने कधीच सोडलं होतं, हातालाच कोपरे पाठ होते. आणि पोट पुढे आलेल्या वहिनीने एके दिवशी मोठ्या हौसेने तो खण आवरला होता. तीन पायांचे सगळे एका डबीत! आत्याने तेव्हा कौतुकही केलं होतं.

तिने भिंग डोळ्याला लावलं. चौथ्या जागी आधी बसवलेला उलट्या जातीचा. त्याच्या जागी घातलेला, तोही उलटाच.

एक सणसणीत शिवी तिच्या अगदी ओठांवर आली. तिने वहिनीकडे पाहिलं आणि ती गिळून टाकली. डबी टेबलावर पालथी करून, एकेक आकडा वाचत तिने दोन ढीग केले आणि नेमका हवा तो बसवला.

टिक. टिक. टिक. टिक.

आधी वाटीत पाणी सोडून पाहिलं. ते थेंबाथेंबानेच येत होतं. मग तिने वहिनीच्या हातातून सिरिंज काढून पंपात बसवली. दूध नळीतून हलतंय हे कळायलाही टक लावून बघावं लागत होतं. बाळ शांत होतं, ओठ गुलाबी.

वहिनीची नजर टेबलावरच्या दोन ढिगांवर गेली आणि तिथेच राहिली. "वन्सं, ती डबी मी भरली होती ना?"

"तूच. सगळे एका जागी होते म्हणून तर पटकन सापडला. पड आता."

वहिनी बसल्या जागीच आत्याच्या खांद्यावर कलंडली. पंप किती वेळ टिकेल, याचा आत्याला भरवसा नव्हता. ट्रान्झिस्टर तापत होते, त्यांच्यावर तिने एका हाताचं बोट ठेवलं होतं. दुसऱ्या हातात वहिनीचा हात होता. त्यातला अंगठा झोपेतही तिच्या तळव्यावर दाबत होता, दाबतोय की नाही हे कळू नये इतका हळू.