बरकतीचा चिंचोका

आमच्या घरच्या माणसाचं नाव लालसिंग. तोंडानं मी ते घेत नाही, पण लिहिताना नुसतं 'हे' 'हे' करत बसलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही कोणते हे, म्हणून इथं घेते. पुण्याकडच्या एका गोल्फ क्लबात त्यांनी अठ्ठावीस वर्षं गवत कापलं. परवाच्या दसऱ्याआधी रिटायर होऊन तांड्यावर आले, तेव्हा सोबत एक ट्रंक, चार जुन्या काठ्या आणि एकतीस पांढरे चेंडू होते. काठ्या साहेब लोकांनी दिलेल्या. चेंडू झुडपांतून वेचलेले.

आमचा तांडा कळमनुरीच्या रस्त्याला आहे. गावामागं आमचा दोन एकर मुरमाड माळ, तिथं कुसळ आणि एक बाभळ सोडली तर काही येत नाही. त्या माळावर ह्यांनी आठ दिवसांत नऊ ठिकाणी बोअरच्या पाइपाचे वीतभर तुकडे पुरले आणि त्यांना 'होल' म्हणू लागले. प्रत्येक होलजवळ काठी, काठीला निशाण. निशाणासाठी माझ्या जुन्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर फाडला. विचारून फाडला हे खरं, पण विचारलं अर्धा फाडून झाल्यावर.

इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण जिथं उभं राहून पहिला फटका मारायचा, त्या नऊ जागांवर त्यांनी हरळी लावली. रोज संध्याकाळी झारीनं तिला पाणी. शेजारचे वसराम बांधावर उभे राहून दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "भाभी, हरळी उपटता उपटता आमच्या बापाची कंबर गेली, न् हा माणूस लावून राहिला. एकदा कुणाला दाखवा."

मी दाखवणार कुणाला. मलाच माहीत होतं काय झालंय ते.

गोल्फात एक हँडिकॅप नावाचा आकडा असतो. कच्च्या खेळणाऱ्याला जेवढे फटके माफ, तेवढा त्याचा हँडिकॅप. मैदान बहात्तर फटक्यांत संपवायचं असलं आणि तुम्हाला शहाण्णव लागत असले, तर तुमचा आकडा चोवीस. आकडा जेवढा कमी, तेवढा माणूस मोठा. कमी झाल्यावर पेढे वाटावेत असे आकडे जगात थोडेच. एक हा, एक आमच्या नणंदेची साखर.

ह्यांचा आकडा चोवीस होता. क्लबात कामगारांना खेळायला सोमवार, कारण सोमवारी मैदान बंद. अठ्ठावीस वर्षं हे सोमवारीच खेळले, मागं पुढं कुणी बघायला नाही. रविवारी साहेब लोक खेळायचे. त्यांच्या पहिल्या फटक्याआधी एक माणूस कागद धरून मोठ्यानं नाव पुकारायचा, अमुक अमुक, आणि लोक टाळ्या वाजवायचे. हे तेव्हा कापायचं मशीन बंद करून बाजूला उभे राहायचे, आवाज नको म्हणून.

वर्षातून एका रविवारी, उन्हाळ्याच्या तोंडावर, जुन्या कामगारांनाही त्या सामन्यात घेतात. अट एकच, आकडा अठरा किंवा त्याखाली पाहिजे. लांब राहणाऱ्यांनी कुठल्याही मैदानावरची तीन कार्डं भरून पाठवायची, खाली मोजणाऱ्याची सही. सेक्रेटरीसाहेब फोनवर म्हणाले होते, लालसिंग, तुझ्या शब्दावर आमचा भरवसा आहे. तो फोन झाल्यावर हे ओसरीत येऊन बसले. मग मला म्हणाले, "एकदा माजं नाव पुकारलेलं ऐकायचं हाय. बस."

म्हणजे चोवीसाचे अठरा. शहाण्णवाचे नव्वद.

आता मोजणार कोण. आपले फटके आपण मोजायचे नाहीत हा ह्यांचा नेम. मोजायला लागलं की हात आखडतो, असं एका म्हाताऱ्या कॅप्टनसाहेबांनी त्यांना सांगून ठेवलेलं. मी शेतात. मग कय्युमभाई आले. कळमनुरीच्या मोंढ्यात त्यांनी पस्तीस वर्षं धान्याची मापं घातली. काटे इलेक्ट्रिकचे झाले तसे घरी बसले. शाळेत हे दोघे एका बाकावर होते, आणि मारही एकाच छडीचा खाल्लेला. कय्युमभाईंनी पहिल्या दिवशी सगळा खेळ बघितला आणि मत दिलं की हा विट्टीदांडू आहे, फक्त यात विट्टी पळते आणि माणूस तिच्या मागं. पण मोजायचं काम त्यांनी हौसेनं घेतलं. त्यांची रीत मापाऱ्याची. कुर्त्याच्या डाव्या खिशात चिंचोके भरायचे. फटका बसला की एक चिंचोका उजव्या खिशात. नऊ होल दोनदा फिरून झाले की ओसरीत बसून उजवा खिसा ओतायचा आणि चिंचोके मोजायचे. मधे एक शब्द बोलायचा नाही.

पहिल्या दिवशी शंभर निघाले. हे म्हणाले, बराबर हाय, आपला माळ खडकाळ, चारपाच जास्तीच लागणार.

मग सुरू झालं. सकाळी सहाला ठकठक. गोठ्यातल्या म्हशीला आधी धसका बसायचा, नंतर ठकठक ऐकल्याशिवाय ती पान्हा सोडेना. हे भिंतीशी पाठ लावून कंबर फिरवायचे. परातीत गहू पसरून त्यावरून चेंडू ढकलायचे, हात हलका व्हावा म्हणून. आणि ते गहू मी निवडून दळायला नेले की विचारायचे, ढकलायचे गहू कुठं गेले. रात्री झोपेत त्यांचं मनगट वळायचं. मी ते धरून ठेवायची.

दिवाळी गेली, सत्त्याण्णव. संक्रांत गेली, त्र्याण्णव. हळद शिजवायच्या गडबडीत आठ दिवस खेळ बंद राहिला आणि ह्यांचा चेहरा असा झाला की मीच म्हणाले, जावा, कढईपाशी मी हाय. होळीच्या आदल्या आठवड्यात तीन दिवस ओळीनं एकोणनव्वद, नव्वद, एकोणनव्वद.

तीन कार्डं झाली. आकडे मी लिहिले, कारण लेकीच्या पाटीवर शिकलेलं का होईना, माझं अक्षर ह्यांच्यापेक्षा बरं. कय्युमभाईंनी खाली उर्दूत झोकदार सही केली. बाजाराच्या दिवशी पेढे आले. वसरामनं दोन खाल्ले आणि हरळीबद्दलचा शब्द मागं घेतला. कार्डांचे फोटो मोबाइलवर पाठवायची शेवटची तारीख शुक्रवार. गुरुवारी ह्यांनी पांढरा शर्ट धुऊन वाळत घातला, सामना महिन्यावर असताना.

आणि गुरुवारीच मी खुरपं घेऊन माळावर गेले. हरळीत काय काय उगवलंय ते काढून द्यावं, एवढंच मनात.

पहिल्या जागेवर चिंचेची रोपं होती. हरळीत दडलेली, बोटभर, दोन दोन जाड पानांची, दहाबारा. मी उपटली. दुसऱ्या जागेवरही तेच. तिसऱ्या, चौथ्या. माळावर आणखी कुठं एक रोप नाही, फक्त या नऊ जागांवर, जिथं उभं राहून पहिला फटका मारतात तिथं. आमच्या आसपास चिंचेचं झाडसुद्धा नाही. आठ जागा साफ करून मी नवव्यापाशी थांबले. कय्युमभाई बाभळीखाली बसले होते, तिथं गेले.

"कय्युमभाई, चिंचोके काहून सांडून राहिले तुमी?"

"सांडत न्हाई भाभी. बरकत काढतो."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लेकराला सांगावं तसं. खळ्यावर रास मोजायला बसलं की पहिलं माप मोजायचं नसतं. 'बरकत' म्हणायचं आणि बाजूला ओतायचं. ते कुणाच्याच नावाचं नाही, चिमण्यांचं, वाटेनं जाणाऱ्याचं. दुसऱ्या मापापासून एक. त्यांच्या बापानं तसंच केलं, आज्यानंही. पहिल्यालाच 'एक' म्हटलं तर रास आटते. म्हणून प्रत्येक होलला पहिला फटका बसला की एक चिंचोका खाली टाकायचा, मनात बरकत म्हणायची, आणि पुढचा फटका उजव्या खिशात.

मी बोटांच्या पेरांवर मोजलं. अठरा वेळा पहिला फटका. अठरा चिंचोके.

कय्युमभाई हसून म्हणाले, "उगीच का एवढा कमी झाला आकडा? बरकत लागली."

मी घरी आले. भाकरी थापल्या, एक करपली. शर्ट दोरीवर हलत होता. कुणालाच काही माहीत नव्हतं, अगदी ज्यानं केलं त्यालाही. तीन फोटो जातील, सेक्रेटरीसाहेब मान हलवतील, रविवारी नाव पुकारलं जाईल. कुणाचं काय गेलं. पण मला ह्यांनीच कधीतरी सांगितलेलं आठवत होतं, की या खेळाला पंच नसतो. झुडपात चेंडू पायानं सरकवला तर बघायला कुणी नाही. चूक ज्याची त्यानंच हात वर करून सांगायची. एका मोठ्या साहेबांना ह्यांनी झुडपामागं पाय हलवताना बघितलं होतं. त्या दिवसापासून ते साहेब आले की ह्यांना दुसरीकडे काम निघायचं.

उन्हं कलल्यावर मी त्यांना नवव्या जागेवर घेऊन गेले. म्हटलं, बघा काय उगवलं. ते उकिडवे बसले. चिंच कुठून आली, म्हणाले. मी सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्या मापापासून.

त्यांनी एक रोप उपटलं. मुळाशी चिंचोक्याचं टरफल अजून होतं. ते पुसून तळहातावर ठेवलं.

"दर बारीला?"

"दर बारीला."

ओठ हलले. मग म्हणाले, "एकशेसात. एकशेआठ. एकशेसात."

मी म्हणाले, कुणाला कळणार नाही. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण म्हणून बघितलं. ते हरळीवरून हात फिरवत राहिले, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणाले, "तिथलं गवत माज्या हातचं हाय. त्याच्यावर उभं राहून मारायचं हाय मला. खोट्या आकड्यानं कसा उभा राहू?"

आणि मग जे त्यांना खरं लागलं होतं ते बाहेर आलं. साडेपाच महिने घाम गाळून चोवीसाचे पस्तीस झाले होते. असा सराव कुणी केला नसेल, म्हणाले. हसले, पण हसू पुरलं नाही.

मी दुपारभर दुसरंच मोजत होते. ते आता सांगितलं. "पहिल्या दिवशी शंभर निघाले, त्यातबी अठरा बरकतीचे बाहेरच होते ना. म्हंजे एकशेअठरा. आज एकशेसात. बरकत तेव्हाबी तेवढीच, आजबी तेवढीच. मग अकरा कमी झाले ते कुणी केले? कय्युमभाईनं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा ओठ हलले. या वेळी हिशेब दोनदा केला.

"अकरा," ते म्हणाले.

"अकरा."

रात्री मी नवीन कार्डं लिहिली. एकशेसात, एकशेआठ, एकशेसात. मी विचारलं, नापास व्हायला कार्डं कशाला पाठवायची. म्हणाले, यादी करताना साहेब एकदा तरी वाचतील ना, लालसिंग राठोड, पस्तीस. पुकारलं नाही तरी वाचलं.

सकाळी कय्युमभाईंना सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी चहाचं निमित्त करून जवळ होते. कय्युमभाईंनी सगळं ऐकलं, खिशातले चिंचोके काढून ओसरीवर ठेवले आणि खाली मान घालून म्हणाले, "म्हंजे तुजा इतवार मी खाल्ला."

"खाल्ला न्हाईस. अकरा फटके तुज्यासमोर कमी झाले. सही कर."

त्यांनी केली, पण झोक गेला होता. मग ह्यांनी सांगितलं की आजपासून पहिल्या फटक्याला एक म्हणायचं. कय्युमभाईंनी खरंच प्रयत्न केला. बसल्या जागी तीनदा तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा 'ब' बाहेर आला. शेवटी म्हणाले, लालभाई, मला दुसरं काहीबी सांग. पस्तीस वर्षांची जीभ हाय, ती आता कुठं वळते.

फोटो गेले. चार दिवसांनी सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला की चोवीसाचे पस्तीस कसे. ह्यांनी खळ्यापासून सगळं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आकडा पस्तीस लिहितो, पुढच्या वर्षी अठरा घेऊन ये. अजून सतरा. अकराला साडेपाच महिने लागले, तर सतराला किती, हा हिशेब मी मनात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकठक ऐकू आली नाही. म्हैस अडून बसली. मी माळावर जाऊन बघते तर दोघे पहिल्या जागेवर उभे. ह्यांच्या हातात दोन चेंडू होते, एक चांगला आणि एक तडा गेलेला. तडा गेलेला त्यांनी हरळीवर ठेवला.

"हा बरकतीचा," म्हणाले. "दिवसाला एकच. शोधायचा न्हाई, ज्याला घावल त्याचा. पण त्याच्यानंतर पहिल्यापासून एक."

कय्युमभाईंनी विचार केला. खळं एक, रास एक, बरकत एक. नियमात बसत होतं. त्यांनी चिंचोका हातात घेतला.

ह्यांनी काठी उचलली आणि फिरवली. साडेपाच महिन्यांत मी असा फटका बघितला नव्हता. चेंडू सरळ वर गेला, अर्धा माळ ओलांडला आणि माझ्या फेटियाच्या निशाणापासून हातभर अंतरावर जाऊन बसला. ह्यांनी कय्युमभाईंकडे बघितलं. मला त्या नजरेतलं सगळं वाचता आलं. कय्युमभाईंनी चिंचोका खाली टाकला आणि आभाळाकडे बघितलं.

ह्यांनी दुसरा चेंडू ठेवला. काठी फिरवली. चेंडू बाभळीत गेला.

"एक," कय्युमभाई म्हणाले.